टिटवीची बाटली

प्रिय ठमे,

उद्या सकाळी कामावर जाताना हे पाकीट तुझ्या हातात देऊन मी तशीच पुढे निघून जाईन. चहाला थांब म्हणू नकोस, मी थांबणार नाही. शुक्रवारी टिटवीला ऑपरेशनसाठी दाखल करायचं आहे आणि त्याआधी गुरुवारी तुम्हां दोघांना संमतीच्या कागदावर सही करायची आहे. त्या सहीच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. अर्धवट टाकून मला फोन लावू नकोस. वाचून झाल्यावर लाव, लावावासा वाटला तर. आज रविवार आहे, दुपारचे अडीच वाजलेत, घरातले जेवून आडवे झालेत आणि मी जेवणाच्या टेबलावर माझ्या गेल्या दोन वर्षांच्या वह्या पसरून बसले आहे. तू नेहमी चिडवायचीस ना, ताईच्या वहीत तिला कोणत्या दिवशी किती शिंका आल्या तेही सापडेल म्हणून? सापडतं. आज मला तारखा तिथूनच घ्यायच्या आहेत, कारण माझी आठवण माझीच बाजू घेते, हे मला या आठवड्यात कळलंय.

एकवीस वर्षं मी लॅबमध्ये आहे. कुठल्याही लग्नाकार्यात कोणीतरी मला विचारतंच, की दिवसभर लोकांची लघवी न् काय काय हाताळताना किळस नाही का गं येत. मेहुणे तर मला लघवीखात्याच्या मंत्रीणबाईच म्हणतात. मी दर वेळी सांगत आले की नाही येत. आणि खरंच येत नव्हती. निरोगी माणसाची लघवी शरीरात असते तोवर बऱ्यापैकी स्वच्छ असते, आपल्या जिभेपेक्षा तर कितीतरी. पण गेले अकरा दिवस मला किळस येते आहे. अशी, की जेवणाचा डबा उघडला की झाकण परत लावते. हात धुते आणि हातांचा वास घेते. हातांना साबणाचाच वास येतो, पण समाधान होत नाही. ही किळस बाटल्यांची नाही. कशाची आहे ते सांगते, क्रमाने सांगू दे, नाहीतर मी मधलंच काहीतरी गाळेन.

पहिल्या दुखण्यापासून सुरू करते. टिटवी साडेतीन वर्षांची होती. तीन दिवस ताप, ना सर्दी ना खोकला. बाळांच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, तापाचं औषध दिलं. तू मला फोनवर सहज म्हणालीस की ती शूला जायचं टाळते, पाय एकमेकांत अडकवून उभी राहते आणि करताना रडते. मी म्हटलं, ठमे, तिला आत्ताच्या आत्ता घेऊन ये. तू तिला आमच्या लॅबमध्ये आणलीस. मी स्वतः तिला धुतलं, पुसलं, पहिली धार सोडून दिली आणि मधली धार बाटलीत धरली, अर्धी माझ्या हातावर, आणि त्या तापातही ती खुदकन हसली. दहा मिनिटांत नमुना सूक्ष्मदर्शकाखाली होता. सगळं क्षेत्र पू-पेशींनी भरलेलं. त्याच वेळी मी कल्चरही लावलं, म्हणजे थेंबभर लघवी जंतूंच्या खाण्याच्या प्लेटवर पसरून उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यावर एकाच जातीचे जंतू, लाखाच्या वर. तो रिपोर्ट खरा होता. हे घट्ट धरून ठेव, कारण पुढे तुला वाटेल की मी सगळंच खोटं केलं. तो खरा होता, औषध लागू पडलं, दोन दिवसांत ताप उतरला. ताईने पकडलं म्हणून तू गावभर सांगत सुटलीस. मलाही तेच वाटत राहिलं. टिटवीच्या लघवीतलं मला कळतं, इतर कोणाला नाही, ही माझी मिजास त्या दिवशी जन्माला आली.

मग शूच्या जागी नळी घालून करतात ती तपासणी झाली. तो दिवस मी लिहीत नाही, तू आत होतीस आणि मी बाहेर कान झाकून बसले होते. तिला टिटवी हे नाव आपण का ठेवलं ते त्या दिवशी सगळ्या मजल्याला कळलं. डाव्या बाजूला लघवी थोडीशी उलटी, किडनीकडे वर चढते असं निघालं. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच मुलांचं हे वाढत्या वयात आपोआप सुधारतं, रात्री थोडंसं औषध देत राहू, मधूनमधून लघवी तपासू, वाट पाहू. वाट पाहू, हे त्यांचे शब्द. वहीत आहेत.

मधूनमधून तपासायची म्हणजे तिला परत रुग्णालयात न्यायची, दोन तास रांगेत बसवायची, आणि पांढरा डगला दिसला की ती किंचाळणार. तेव्हा कोणीतरी म्हणालं की त्यापेक्षा सकाळी घरीच बाटलीत धर आणि ताईकडे दे, ती दारावरूनच जाते. इतके दिवस मी स्वतःला सांगत होते की हे तू म्हणालीस. वही काढून पाहिलं. मी म्हटलं होतं. तू उलट विचारलं होतंस, चालेल ना गं, उशीर नाही ना होणार? आणि मी तुला हसून म्हटलं होतं की मला शिकवतेस का.

आता ती बाटली कशी जायची ते ऐक. सव्वासातला तू मला ती दारात द्यायचीस, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रुमाल गुंडाळून, कोणाला दिसू नये म्हणून. मी ती माझ्या पर्समध्ये डब्याला टेकवून उभी करायचे. तिथे ती कलंडत नसे. डबा तेव्हा नुकताच भरलेला, चटका बसेल इतका गरम. दोन बस बदलून सव्वा तास. लॅबमध्ये पोचल्यावर नोंद करायची तर खिडकीशी रांग, नंबर, चिठ्ठी. घरचंच तर आहे, म्हणून मी बाटली बिननंबराची, बिनवेळेची माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात ठेवायचे आणि आधी परक्यांचं काम उरकायचे. कल्चर लावायला आम्ही बाराच्या सुमाराला बसतो. नियम असा, की लघवी तासाभरात लावायची, नाहीतर लगेच फ्रीजमध्ये ठेवायची. आमच्या फ्रीजमध्ये नमुन्यांच्या कप्प्यात साहेबांच्या पाण्याच्या बाटल्या असतात आणि आम्हा सगळ्यांची फळं. तो नियम फ्रीजच्या वरच भिंतीवर लावलेला आहे. सुवाच्य अक्षर म्हणून तो माझ्याकडून लिहून घेतला होता.

कितीही धुतलं तरी बाटली भरताना कातडीवरचे चारदोन जंतू त्यात पडतातच. ताज्या लघवीत ते चारदोनच राहतात आणि आम्ही त्यांच्याकडे लक्ष देत नाही. पण उबेत ते दर वीस-पंचवीस मिनिटांनी दुप्पट होतात. सव्वासात ते बारा, गरम डब्याच्या कुशीत. तू शाळेत गणितात माझ्यापेक्षा हुशार होतीस, करून बघ.

आणि तरीही एक जागा होती जिथे हे पकडलं गेलं असतं. कातडीवरून पडलेले जंतू बहुतेकदा दोनतीन जातींचे असतात. प्लेटवर अशी सरमिसळ उगवली तर पुस्तकात स्पष्ट आहे, नमुना बिघडला असं लिहायचं आणि नवा मागवायचा. आमच्या साहेबांना ते आवडत नाही. लहान मुलाची लघवी म्हणजे काय नळ आहे का, आईबाप वैतागतात, डॉक्टर म्हणतात तुमच्या लॅबला काही ठरवता येत नाही. म्हणून साहेबांची तोंडी सूचना अशी, की जे जास्त असेल ते लिहा, बाकीचं सोडा. माझ्या शेजारी बसणारे बुवा (बुवा आपले सारखे गुणगुणत असतात म्हणून बुवा) या कामाला मतमोजणी म्हणतात. ज्याची मतं जास्त तो निवडून आला. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे. किती मुलांची मतमोजणी मी केली असेल याचा आकडा माझ्या वहीत नाही, ठमे. तिथे मी शिंका लिहिल्या.

टिटवीचे असे तीन रिपोर्ट मी केले. पहिला, तिला सर्दीचा ताप होता तेव्हाचा. दुसरा, काही होत नसताना, नेहमीच्या तपासणीचा. तिसरा गेल्या महिन्यातला. तिन्हींत जंतू लाखाच्या वर आणि तिन्हींत पू-पेशी जवळजवळ नाहीतच. शरीर खरंच जंतूंशी लढत असतं तेव्हा पू-पेशी सहसा दिसतातच. मी पहिलीच्या मुलीला हे समजावू शकेन. पहिल्या रिपोर्टावर औषध बदललं, तिचं पोट पंधरा दिवस बिघडलं. दुसऱ्यावर सात दिवस इंजेक्शनं, आणि शेवटी दंडावर जागा उरली नाही म्हणून पायाला. तिसऱ्यावर सर्जन.

आणि या सगळ्यात तुझं काय झालं ते मला लिहायचं आहे, कारण किळस येण्याची खरी जागा तीच आहे. दुसऱ्या रिपोर्टानंतर मी तुझ्याकडे आले होते, तुझ्या सासूबाईंच्या समोर बसले आणि टिटवीची बाहुली हातात घेऊन तुला दाखवलं, की पुसायचं पुढून मागे, मागून पुढे नाही. दोनदा दाखवलं. तू म्हणालीस की मी तसंच करते गं ताई. मी म्हटलं, करत असतीस तर हे आलं असतं का? सासूबाईंनी नुसता श्वास सोडला आणि दुसऱ्या दिवसापासून टिटवीचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर गेला, पुढे आंघोळीचा मगही वेगळा झाला, आणि पाहुण्यांसमोर त्या म्हणायला लागल्या, की हिच्या माहेरीच स्वच्छतेची बोंब असणार, नाहीतर मावशी त्या खात्यात असून असं होईल कशाला. हे तू मला हसत सांगितलंस. मी तेव्हा तुझ्या बाजूने रागावले, आठवतं? केवढी रागावले. आणि मनातून मला वाटत होतं की म्हातारी वाकडं बोलते, पण चूक ठमीचीच आहे. मग तू तिला दिवसातून तीनतीनदा जंतुनाशकाने धुवायला लागलीस, ती लालभडक झाली, शू करताना आग होते म्हणून परत रडायला लागली, आणि तेही आपण दुखण्याच्याच खात्यावर टाकलं. शाळेत तिने पाणी पिणं सोडलं. बाईंनी तुला बोलावून सांगितलं की ती बाटली भरलेली परत नेते. पाणी प्यायलं की शू होते आणि शू झाली की सुई, हे तिने स्वतःच जोडलं होतं. साडेचार वर्षांच्या पोरीचं तर्कशास्त्र आमच्या लॅबपेक्षा बरं होतं.

तिसऱ्या बाटलीच्या सकाळी तू आत पिशवी शोधत होतीस आणि ती दारात माझ्याजवळ आली. माझ्या साडीला हात न लावता, जरा लांब उभी राहून तिने विचारलं, "मावशी, मी आता स्वच्छ आहे का?" मी घड्याळ बघत म्हटलं, बघू हं, रिपोर्ट येऊ दे.

हे वाक्य मी वहीत लिहिलं नव्हतं. ते मला अकरा दिवसांपूर्वी आठवलं, त्याचं कारण असं. आमच्याकडे नव्या मॅडम आल्या आहेत, जंतूंच्या डॉक्टर, वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. प्रत्येक बाटली उचलतात आणि बारीक आवाजात विचारतात, वेळ कुठाय? वेळ नसली की बाटली सरळ बादलीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फ्रीजमधली आमची फळं टेबलावर आणून ठेवली. बुवा म्हणाले की नव्याची नवलाई, नऊ दिवस. तर या मॅडम लहान मुलांचे जुने कागद चाळत होत्या आणि टिटवीचे तीन रिपोर्ट त्यांनी एकाखाली एक लावले. ती माझी भाची आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पू-पेशी नाहीत आणि जंतू लाखावर, तीनदा? ही मुलगी आजारी नाही हो, ही बाटली आजारी आहे." आणि पुढचा कागद घेतला. मी बेसिनशी गेले आणि हात धुतले, मग परत धुतले.

तरीही माझा विश्वास बसेना. खरं म्हणजे बसू द्यायचा नव्हता. म्हणून गेल्या बुधवारी रजा टाकली आणि कोणी यायच्या आधी लॅब उघडून आत गेले. स्वतःला नीट धुऊन स्वतःची लघवी बाटलीत घेतली. एक थेंब तिथल्या तिथे प्लेटवर लावला. उरलेली बाटली रुमालात गुंडाळली, घरून गरम भरून आणलेल्या डब्याला टेकवून पर्समध्ये ठेवली आणि दोन बस बदलून शहरभर फिरून आले, एका बागेच्या बाकावर वेड्यासारखी बसले, बाराला परत येऊन दुसरी प्लेट लावली. मॅडमनी काय करताय विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही प्लेट्स बाहेर काढल्या. पहिलीवर पाच ठिपके होते, मोजून पाच. दुसरीवर मोजण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, साय धरावी तसा जाड थर, दोन रंगांचा, आणि तो वास, ज्याला मी एकवीस वर्षं वास म्हणत नव्हते. माझ्याच मतमोजणीप्रमाणे मला तातडीने इंजेक्शनं सुरू करायला हवी होती. मला काहीही झालेलं नाही, ठमे. मी ठणठणीत आहे.

सर्जन वाईट नाहीत. औषध चालू असतानाही तीनदा जंतू आले, किडनीला धोका, आता वाट पाहण्यात अर्थ नाही, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या हातातल्या कागदांवरून बरोबरच आहे. किडनीच्या फोटोत एकही डाग नाही म्हणून ते स्वतःच चकित झाले होते आणि आपण त्याला नशीब म्हटलं. ते कागद माझे आहेत. मी डॉक्टर नाही. लघवी उलटी चढते हे खरं आहे आणि कदाचित उद्या ऑपरेशन लागेलही. पण पोरीच्या पोटावर सुरी चालवायचं ते खऱ्या कारणासाठी चालवावं, माझ्या डब्याच्या उबेसाठी नको.

आता जे राहिलं ते. आतापर्यंतचं वाचून तू म्हणशील, ताईला कळलं नाही बिचारीला, घाईत झालं, प्रेमापोटी झालं. तू तशीच आहेस. पण दुसऱ्या रिपोर्टाच्या प्लेटवर तीन जाती उगवल्या होत्या. तीन. एक पिवळी, एक पांढरी, एक गुलाबी, अगदी शिकाऊ पोरीलाही दिसावं अशा. मी ती प्लेट उजेडात धरली आणि मला कळलं. साहेब रजेवर होते, मला कोणी अडवलं नसतं, नमुना बिघडला असं लिहून मी तुला म्हटलं असतं की परत दे. पण मग मागच्या रिपोर्टाचं काय, असं तू विचारलं असतंस. तुझ्यापुढे मला शब्द मागे घ्यावा लागला असता. म्हणून मी गुलाबी निवडली, तिचं नाव लिहिलं, सही केली, आणि त्याच आठवड्यात तुझ्याकडे येऊन बाहुली हातात घेतली. त्या दिवशी वहीत मी एवढंच लिहिलंय: लॅब नेहमीप्रमाणे. वही लिहिणाऱ्या बाईने स्वतःच्याच वहीला खोटं सांगितलं.

तुला वाटेल, एवढं सगळं फोनवर का नाही बोलले, किंवा समोर बसून का नाही. परवा शुक्रवारी दोनदा तुझा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला, आणि मग लक्षात आलं की बोलायचंच नाही. बोलले असते तर तू रडली असतीस, मी रडले असते, तू म्हणाली असतीस जाऊ दे गं ताई, आणि माझी नोकरी जाऊ नये म्हणून सर्जनना दुसरंच काहीतरी कारण सांगून तारीख पुढे ढकलली असतीस; त्या तीन रिपोर्टांना कोणी हात लावला नसता आणि सहा महिन्यांनी तेच कागद पुन्हा कोणाच्या तरी हातात गेले असते. तुझी माफी सर्जनना फाईलला लावता येत नाही, हे पत्र येतं. म्हणून हे शाईने लिहिलं आहे, प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, आणि दोन प्लेट्सचा निकाल नव्या मॅडमनी स्वतः बघून खाली सही करून दिला आहे. त्यांनाही मी आता सगळं सांगितलंय. उद्याच हे सगळं घेऊन मेहुण्यांसोबत सर्जनकडे जा. माझं नाव झाकू नकोस. टिटवीची लघवी त्यांच्याच रुग्णालयात, तिथल्या तिथे, ताजी धरून लगेच लावायला सांग, आणि ती मला दाखवू नकोस. त्याआधी सासूबाईंना हे शेवटचं पान मोठ्याने वाचून दाखव, तू स्वच्छच होतीस हे त्यांनी माझ्या अक्षरात ऐकावं. आणि उद्या जेवायच्या आधी टिटवीला जवळ घेऊन एवढं सांग, की मावशीचा रिपोर्ट आला, ती आधीपासूनच स्वच्छ होती, घाण मावशीच्या बाटलीत होती.

तुझीच, जशी आहे तशी,
ताई